बीपीची गोळी एकच, आत औषधं तीन: ती घेताना काय सांभाळायचं?

प्रश्न: माझी आई ६६ वर्षांची आहे, गावी राहते. बरीच वर्षं ती सकाळी अम्लोडिपिन ५ ची गोळी घेत होती. बीपी १६०/९५ च्या आसपास राहायला लागलं म्हणून महिन्यापूर्वी डॉक्टरांनी एकत्र गोळी लिहून दिली. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन ४०, अम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असं लिहिलंय. जुन्या गोळीच्या दोन स्ट्रिप शिल्लक होत्या, त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून आई जुनी सकाळी आणि नवी रात्री घेते. आता तिचे घोटे सुजतात, उठताना गरगरतं. एकदा बीपी १०४/६२ आलं तेव्हा तिने चार दिवस सगळ्याच गोळ्या बंद ठेवल्या, मग ते १६८/९० झालं. आता घाबरून नवी गोळी अर्धी करून घेते. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळीही अधूनमधून चालू असते. शेजारच्या काकू म्हणतात, तीन-तीन औषधं एकदम घेतली की किडनी जाते. मी काय करू?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, आधी आज काय करायचं ते सांगतो. जुनी अम्लोडिपिनची गोळी नव्या गोळीतही आहे. म्हणजे आई सकाळी ५ आणि रात्री पुन्हा ५, असे दिवसाला १० मिलिग्रॅम अम्लोडिपिन घेत होती. अम्लोडिपिनचा दिवसाचा कमाल डोस तेवढाच असतो, आणि त्यावर आणखी दोन औषधं. घोट्यांची सूज आणि गरगरणं यांचं सगळ्यात संभाव्य कारण हेच आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘जुनी गोळीही चालू ठेवा’ असं लिहिलेलं नसेल, तर जुनी गोळी आजपासून बंद. त्या दोन स्ट्रिप घरातून काढूनच टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात त्या पुन्हा डब्यात येतील.

आजच डॉक्टरांना फोन करा आणि त्यांना पाच गोष्टी सांगा: दोन्ही गोळ्या एकदम चालू होत्या, १०४/६२ आलं होतं, उठताना गरगरतं, सध्या नवी गोळी अर्धीच घेतली जाते, आणि गुडघ्यांसाठी अमुक नावाची गोळी घेतली जाते. पुढची पूर्ण गोळी कधी घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्या. अम्लोडिपिन शरीरातून हळूहळू जातं, अर्धं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक दिवस गोळी बंद करून लगेच सगळं निवळत नाही. सूज ओसरायला आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात. तेवढ्यात ‘सूज उतरवायला’ म्हणून लघवीची आणखी एक गोळी कुणी सुचवली तर ती घेऊ नका. अम्लोडिपिनची सूज शरीरात पाणी साठल्यामुळे येत नाही. बारीक रक्तवाहिन्या सैलावल्या की त्यांच्यातून पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं, त्याची ती सूज असते. लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही, उलट आईला चक्कर मात्र वाढेल. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर ती या गोळीच्या माथी मारू नका, लगेच दाखवा.

आता काकूंच्या भीतीकडे वळू. तीन औषधं म्हणजे तिप्पट जहाल, हा समज चुकीचा आहे. रक्तदाब एकाच कारणाने वाढत नाही, म्हणून तो वेगवेगळ्या वाटांनी उतरवावा लागतो. अम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन नावाच्या संप्रेरकाला अडवतं. हे संप्रेरक रक्तवाहिन्या आवळतं आणि मीठ-पाणी शरीरात धरून ठेवायला लावतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर काढतं. एकाच औषधाचा डोस दुप्पट केला तर दाब थोडाच आणखी उतरतो, त्रास मात्र बराच वाढतो. त्याऐवजी दुसऱ्या गटाचं औषध कमी डोसमध्ये जोडलं तर दाब चांगला उतरतो आणि एकाचा दुष्परिणाम दुसरं काही अंशी झाकतं. अम्लोडिपिनने येणारी सूज टेल्मिसार्टन सोबत असलं की कमी येते. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढायचा कल असतो, हायड्रोक्लोरोथायझाइडने ते घटायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या दोन-औषधी गोळ्या घेतल्या. टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड या दोन्ही त्यात आहेत. एकच गोळी असली की माणूस ती चुकवत नाही, हेही त्यामागचं मोठं कारण.

किडनी खराब करणाऱ्या गोष्टींत मधुमेहाच्या जोडीने सगळ्यात वरचं नाव वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाचं आहे, हे काकूंना जरूर सांगा. पण त्यांच्या बोलण्यात सत्याचा एक धागाही आहे. टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असताना काही ठरावीक प्रसंगी किडनीवर खरोखर ताण येतो. त्यातला एक प्रसंग तुमच्या पत्रातच आहे.

गुडघ्यांची गोळी

मेडिकलमधून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून वाचा. तिच्यावर डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांपैकी एखादं नाव असण्याची शक्यता मोठी आहे. ही सगळी एकाच घराण्यातली वेदनाशामकं. किडनीकडे रक्त आणणारी रक्तवाहिनी मोकळी राहावी म्हणून शरीर जे रसायन वापरतं, ते या गोळ्या बंद पाडतात. टेल्मिसार्टन किडनीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं. लघवीचं औषध शरीरातलं एकूण पाणी कमी करतं. आत येणारं रक्त घटलं, बाहेरची वाट मोकळी झाली आणि पाणीही कमी पडलं, की किडनीच्या गाळणीतला दाब घसरतो आणि क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) चढायला लागतं. साठी ओलांडलेल्यांमध्ये, उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलटीच्या दिवसांत हे पाहता पाहता घडतं. शिवाय याच गोळ्या शरीरात मीठ धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. घरी कुणाला कळत नाही की बीपी का आवरत नाही, आणि कारण गुडघ्यांच्या डब्यात असतं.

मग गुडघ्यांचं काय? साधं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर, आणि आईच्या वयात दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. लिव्हरचा आजार असेल तर हा आकडाही डॉक्टरांनाच विचारा. एक लक्षात ठेवा: पॅरासिटामॉलही पूर्ण डोसमध्ये रोजच्या रोज घेतलं तर बीपी थोडं वाढवू शकतं, आणि पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं. तेव्हा साधी गोळी, गरजेपुरती. वरून लावायचं जेल त्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ सुरक्षित, कारण त्यातलं औषध रक्तात कमी उतरतं, तरी दिवसभर थापत बसू नये. गुडघ्यांना खरा आधार मांडीच्या स्नायूंचा असतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. असं दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा, रोज. ‘अंगदुखीची’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर वर सांगितलेलं औषध मिसळलेलं असतं, म्हणून नावावर विसंबू नका. आणि एक शंका डॉक्टरांच्या कानावर घाला: हायड्रोक्लोरोथायझाइडने युरिक ॲसिड वाढतं. पायाचा अंगठा, घोटा किंवा गुडघा अचानक लाल होऊन ठणकायला लागला तर ती नेहमीची झीज नसून गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साठून होणारा आजार, असू शकतो.

स्ट्रिप वाचायची कशी

मेडिकलमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “ती कंपनी नाही, पण सेम आहे, द्या हीच.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ‘सेम’ म्हणजे स्ट्रिपच्या मागे लिहिलेली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढचा आकडा, दोन्ही तंतोतंत तेच. नुसतं मोठ्या अक्षरातलं नाव जुळून उपयोग नाही. एकाच नावाला एक-दोन अक्षरांचं शेपूट लागलं की आतलं औषधच बदलतं. शेपटात ‘एएम’ असेल तर बहुधा अम्लोडिपिन, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन, हेही लघवीचंच औषध. मात्र याला कायदेशीर असं काही बंधन नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने अक्षरं लावते. ‘एटी’मध्ये तर पुष्कळदा ॲटेनोलॉल असतं. ते नाडीचा वेग कमी करणारं वेगळ्याच गटातलं औषध आहे. ते दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतं, आणि सवय झाल्यावर एकाएकी बंद केलं तर छातीत दुखणं किंवा धडधड उलटून येऊ शकते.

आकड्यांतही एक गोम आहे. आपल्याकडे ‘एस-अम्लोडिपिन २.५’ मिळतं. ते साध्या अम्लोडिपिन ५ च्या बरोबरीचं असतं. आकडा अर्धा दिसतो म्हणून कुणी दोन गोळ्या घेतं, ते चूक. हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ च्या जागी क्लोरथॅलिडोन १२.५ दिलं, तरी ती अदलाबदल सारखी नाही. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम क्लोरथॅलिडोन जास्त जोरकस असतं आणि जास्त वेळ टिकतं. अशी गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच.

यावर सोपा उपाय आहे. चालू स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो तुमच्या आणि आईच्या, दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा. नवी स्ट्रिप घेताना काउंटरवरच फोटोशी ताडून पाहा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात, दातांच्या असो वा डोळ्यांच्या, तर आधी तोच फोटो दाखवा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, ओल्मेसार्टन असं काही नवीन चिठ्ठीत आलं तर थांबून विचारा, कारण ती औषधं टेल्मिसार्टनचीच भावंडं आहेत. दोन एकत्र घेतली की फायदा वाढत नाही, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मात्र वाढतं. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर तेही सांगा, त्याने अम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि वयस्कर माणसाचं बीपी एकदम उतरू शकतं.

अर्धी गोळी आणि गोळीची वेळ

ही गोळी अर्धी करू नका. अशा एकत्र गोळ्या पुष्कळदा दोन थरांच्या, दोन रंगांच्या असतात. ती मोडली तर दोन तुकड्यांत प्रत्येक औषध निम्मं-निम्मं आलं असेल याचा भरवसा नसतो. दुसरं असं की टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा लगेच शोषते. मोडून उरलेला तुकडा उद्यापर्यंत डबीत राहिला तर तो खराब होऊ शकतो, पावसाळ्यात तर हमखास. आईला डोस जास्त होतोय असं डॉक्टरांचं मत पडलं, तर कमी ताकदीची तयार गोळी किंवा तीनऐवजी दोन औषधांची गोळी मिळते. तो निर्णय त्यांचा. सात दिवसांच्या कप्प्यांची डबी वापरत असाल तर गोळ्या सोलून त्यात टाकू नका. कात्रीने स्ट्रिपचे एकेक गोळीचे तुकडे करून ते ठेवा, आणि ज्या टोकाला नाव आणि मुदत छापली आहे तो तुकडा शेवटी वापरा. डबी स्वयंपाकघरात गॅसशेजारी किंवा न्हाणीघरात नको.

वेळेबद्दल लोकांत बरेच वाद आहेत. रात्री घेतली तर हृदयाचं जास्त रक्षण होतं, असं मध्यंतरी फार बोललं जायचं. ब्रिटनमधल्या ‘टाइम’ या अभ्यासाने हा मुद्दा निकालात काढला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २१ हजारांहून जास्त रुग्ण होते, आणि सकाळी घेणारे व संध्याकाळी घेणारे यांच्यात हार्ट ॲटॅक, लकवा किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे वेळ सोयीने ठरवायची, फक्त ती रोज तीच हवी. आईच्या गोळीत लघवीचं औषध आहे, म्हणून आमचं मत स्पष्ट सकाळच्या बाजूने आहे. रात्री घेतली की दोन-तीनदा उठावं लागतं. अंधार, झोपेची गुंगी आणि उठताना गरगरणं, यातूनच खुब्याचं हाड मोडतं. रात्रीवरून सकाळवर आणायचं असेल तर डॉक्टरांना विचारून एक रात्र मध्ये सोडायची आणि तिच्या पुढच्या सकाळपासून सुरू करायचं. रात्री एक आणि लगेच दुसऱ्या सकाळी एक, असं करू नये. गोळी जेवणाआधी घेतली किंवा नंतर, याने काही बिघडत नाही.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशीच आठवली तर कालची सोडून द्यावी आणि आजची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन कधीच एकदम घ्यायच्या नाहीत. घेतली की नाही हेच आठवत नसेल तर त्या दिवशी पुन्हा घेऊ नये. एका दिवसाच्या चुकण्याने फार नुकसान होत नाही, दुप्पट डोसने माणूस पडू शकतो.

गोळी थांबवायची वेळ

आईने १०४/६२ पाहून गोळी बंद केली. एकटा आकडा पाहून असं करू नये. वरचा आकडा १०० च्या खाली येत असेल, किंवा आकडा काहीही असो पण उभं राहताना अंधारी येत असेल, तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन. बरं वाटतंय आणि एकदाच १०४ दिसलं, तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि वहीत लिहावं. उभं राहिल्यावरचं बीपीही घरी मोजता येतं: पाच मिनिटं बसून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं.

मात्र काही दिवस असे असतात की गोळी घेण्याआधी थांबून विचारायलाच हवं. वारंवार जुलाब, उलट्या, सडकून ताप, काहीही पोटात न राहणं: अशा वेळी शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं आणि वरून ही गोळी किडनीचा पुरवठा आणखी तोडते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा दिवसांत ते सहसा ही गोळी तात्पुरती थांबवायला सांगतात आणि खाणं-पिणं पूर्ववत झालं की एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू करतात. आईला मधुमेह असेल आणि मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगा. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. एक पाकीट बरोबर १ लिटर पाण्यात, निम्म्या पाण्यात नाही. छोट्या २०० मिलिलीटरच्या पाकिटांवर लिहिलेलं प्रमाण वेगळं असतं, ते वाचा.

उपवासाचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हा धोका कुणी मोजत नाही. साधा उपवास असेल, फळं, दूध, पाणी चालत असेल, तर गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची. निर्जळी उपवास मात्र या गोळीसोबत करू नये. हरतालिकेला किंवा निर्जळी एकादशीला सकाळी लघवीचं औषध पोटात आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही, हे अंगाशी येतं. व्रत मोडवत नसेल तर पाणी पिऊन करावं. वारीला किंवा एप्रिल-मेच्या उन्हात शेतात जाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. हायड्रोक्लोरोथायझाइडने कातडी उन्हाला हळवीही होते, तेव्हा पूर्ण बाह्या आणि डोक्यावर पदर किंवा टोपी हवी.

मीठ, काढा आणि मिश्री

दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या स्वयंपाकासकट. लोणचं, पापड, फरसाण, सुकट, खारे शेंगदाणे यांतच ते सहज संपतं. पण मीठ पूर्ण बंद करून तीन-चार लिटर पाणी पिणं हेही चूक. लघवीच्या या औषधाने वयस्कर स्त्रियांच्या रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि पहिले काही आठवडे त्या धोक्याचे असतात. आई सुस्त वाटली, मळमळायला लागलं, डोकं दुखत राहिलं, बोलण्यात गोंधळ झाला किंवा तोल जाऊ लागला, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी सोडियम तपासा.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाचा पुरस्कार केला, पण किडनीचे रुग्ण आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना त्यातून वगळलं. टेल्मिसार्टन पोटॅशियम राखून ठेवतं, म्हणून आईसाठी आधी रक्त तपासणी, मग डॉक्टरांचा होकार, मगच ते मीठ. रोज दोन-दोन शहाळी पिण्यालाही हेच लागू.

याउलट ज्येष्ठमध. घसा खवखवला की आपण ते चघळतो, काढ्यात घालतो. रोज घेतलं तर ते पोटॅशियम घटवतं आणि बीपी चढवतं. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. पित्तासाठी घेतलेल्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम असतं. आणि आई मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच आहे. सकाळी मिश्री लावून लगेच बीपी मोजलं तर आकडा वरच दिसणार.

मोजायचं कसं, तपासायचं काय

दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. दंडाचा घेर टेपने मोजून त्या मापाचा पट्टा घ्यायचा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, धावपळ नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवायचा. हात खाली लोंबत असेल तर आकडा वर येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या खाली असावी, आईसाठी याहून वेगळं लक्ष्य हवं असेल तर डॉक्टर सांगतील. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे लागतात. दिवसातून आठ-दहा वेळा मोजू देऊ नका, त्या काळजीनेच बीपी चढतं.

रक्ताच्या तपासण्या तीन: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. नवी गोळी सुरू करून महिना झाला आहे, आणि मधल्या काळात वेदनाशामकंही गेली आहेत, तेव्हा त्या याच आठवड्यात करून घ्या. पुढे डोस बदलला की दोन ते चार आठवड्यांनी आणि एरवी निदान वर्षातून एकदा. सोडियम साधारण १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ असावं. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं, आधीच्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध बदलत नाहीत. म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या. पोटॅशियम एकदम जास्त आलं आणि आईला काहीच त्रास नसेल, तर रक्त काढताना पेशी फुटल्यानेही तसा आकडा येतो. मात्र ते गृहीत धरून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, ते पुन्हा तपासायला सांगतील. साखर असेल तर तीही पाहा, या लघवीच्या औषधाने ती थोडी वाढू शकते.

बीपी १८०/१२० च्या वर दिसलं तर आईला बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जास्तीची गोळी देऊ नका आणि जिभेखाली कॅप्सूल फोडून ठेवण्याचा जुना उपाय तर अजिबात नको. त्याने दाब इतका झपकन कोसळतो की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक कमी दिसणं, यांपैकी काही असेल तर आकड्याची वाट न पाहता १०८. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तरी १०८, आणि ती गोळी पुन्हा घ्यायची नाही. एका डोळ्यात अचानक ठणका आणि धूसर दिसणं हाही या लघवीच्या औषधाचा दुर्मीळ पण तातडीचा दुष्परिणाम आहे.

घरात दुसरं कुणी तरुण असेल, गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर आईची गोळी तिला ‘बीपीचीच आहे’ म्हणून कधीही देऊ नका. टेल्मिसार्टन गर्भातल्या बाळाच्या किडनीला इजा करतं. आईचं कुठलं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीचं आधी सांगा, त्यातलं टेल्मिसार्टन बहुधा एक दिवस आधी थांबवतात. आणि स्ट्रिपमध्ये सात गोळ्या उरल्या की नवी आणायची. गावच्या दुकानात नेमकी तीच नसली तर तुम्हाला सांगलीहून पाठवायला तेवढे दिवस हातात राहतात.